शिक्षकाच्या यशाचे माप

(केंद्रातील शिक्षण परिषदेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सेवानिवृत्त होणाऱ्या शिक्षकाच्या निरोपसमारंभात त्याच्या कार्याचा जो आढावा वाचून दाखविला जातो, तो बहुधा एकाच घाटणीचा असतो. नेमणूक कोणत्या साली झाली, किती गावी बदल्या झाल्या, शिष्यवृत्ती परीक्षेत किती विद्यार्थी चमकले, पटसंख्या किती वाढली, कोणता पुरस्कार मिळाला, ही त्यातील ठराविक कलमे. परंतु ज्याच्या सन्मानार्थ हा आढावा वाचला जातो, त्याच्या मनात पुष्कळदा निराळाच हिशेब चाललेला असतो. तीस-बत्तीस वर्षांच्या सेवेतील जी दोन-चार कामे त्याला स्वतःला खरी वाटतात, त्यांचा त्या आढाव्यात उल्लेखही नसतो. आणि ज्यांचा उल्लेख होतो, त्यांपैकी काहींचे श्रेय आपले नव्हते, हे तो मनोमन जाणून असतो.

हे दोन हिशेब जुळत नाहीत, याचे कारण दोघांची मापे वेगळी आहेत. एक माप समाजाने व शासनाने ठरविलेले. दुसरे शिक्षकाच्या अंतःकरणाने, पण बहुधा न बोलता आणि न लिहिता ठरविलेले. शिक्षकाला स्वतःचे असे यशाचे माप असावे काय, असल्यास ते कसे ठरवावे, आणि त्या मापाने त्याने आपली सुधारणा कशी करावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वतःचे माप असावे याचा अर्थ बाहेरचे माप झुगारून द्यावे असा नव्हे. शाळा सार्वजनिक पैशावर चालते, आणि मुलांना काय येते हे विचारण्याचा समाजाला पूर्ण अधिकार आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील २४ व्या कलमात शिक्षकाची कर्तव्ये नमूद केलेली आहेत. शाळेत नियमित व वेळेवर उपस्थित राहणे, अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकविणे, पालकांना भेटून मुलाच्या प्रगतीची कल्पना देणे, ही ती कर्तव्ये होत. यांत कोणालाही सवलत मागता येणार नाही. परंतु ही घराची जोती आहेत. जोत्यावर भिंती कोणत्या उभारावयाच्या आणि खिडक्या कोणत्या दिशेला ठेवावयाच्या, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

बाहेरचे माप अपुरे पडते, याची दोन कारणे आहेत. पहिले असे की, ते सर्वांना सारखे असते. गावे मात्र सारखी नसतात. तालुक्याच्या ठिकाणालगतच्या, डांबरी सडकेवरच्या शाळेतील वर्ग आणि ऊसतोडणी मजुरांच्या गावातील वर्ग यांची तुलना कशी करावयाची? बीड किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील कित्येक गावांतून दिवाळीच्या सुमारास निम्मी घरे कुलूपबंद होतात, आणि साखर कारखान्यांचा गळीत हंगाम आटोपल्यावर मार्च-एप्रिलात पुन्हा उघडतात. मधल्या महिन्यांत त्या घरांतील जी मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर असतात, त्यांच्या शिक्षकाला केवळ परीक्षेच्या निकालावरून जोखले, तर तो जन्मभर अपयशीच ठरेल.

दुसरे कारण अधिक खोल आहे. बाहेरचे माप लावणारा माणूस शाळेत वर्षातून फार थोडे दिवस येतो. द्विशिक्षकी शाळेतील शिक्षक उरलेले सारे दिवस एकटा असतो. त्याने एखादा पाठ जीव ओतून घेतला काय आणि कसाबसा उरकला काय, पाहणारे कोणी नसते. ज्याची उमेद केवळ शेरेबुकातील शेऱ्यावर पोसली जाते, त्याची उमेद दोन भेटींच्या मधल्या काळात उपाशी मरते. खेड्यातील पुष्कळ बुद्धिमान शिक्षक दहा-बारा वर्षांत कोमेजून जातात, त्यामागे कामाचा भार असतोच. परंतु आपण काय साधले हे सांगणारे आतले काहीच जवळ नसणे, हेही एक मोठे कारण असते. आणि शिक्षक कोमेजला, की त्याच्यापुढे बसलेली पंचवीस-तीस मुले कोमेजतात. प्रश्न एकट्या शिक्षकाच्या समाधानाचा नाही, तो येथे मुलांचा होतो.

आतल्या मापावर एक संपूर्ण आयुष्य कसे उभे राहते, याचे महाराष्ट्रातील उत्तम उदाहरण म्हणजे अनुताई वाघ. त्यांचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. त्या काळच्या रूढीप्रमाणे बालवयातच विवाह झाला आणि थोड्याच अवधीत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या आयुष्याचे माप समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असे, आणि त्यात शिक्षणाला जागा नसे. अनुताईंनी व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा दिली, अध्यापनाचे प्रशिक्षण घेतले आणि त्या प्राथमिक शिक्षिका झाल्या. नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे व पुढे पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी शिकविले. दिवसा वर्ग घ्यावयाचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः विद्यार्थिनी म्हणून बसावयाचे, असा क्रम ठेवून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या.

बाहेरच्या मापाने पाहिले, तर पुण्यासारख्या शहरात, नामांकित शाळेत स्थिर नोकरी असणे हे मोठेच यश होते. परंतु १९४५ साली बोरिवली येथील कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाई मोडक यांच्याशी गाठ पडली. ताराबाई खेड्यातील बालशिक्षणाचा प्रयोग सुरू करण्याच्या विचारात होत्या. अनुताईंनी पुण्यातील आयुष्य मागे ठेवले आणि त्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ताराबाईंच्या हाताखाली कामाला लागल्या. तेव्हा त्यांचे वय ३५ होते. स्वतः ताराबाईंनीही असाच मार्ग पूर्वी धरला होता. राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदाचा मान सोडून त्या भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाच्या कामाला गेल्या होत्या. आणि गिजुभाईंनी त्या कामासाठी वकिली सोडली होती. तिघांचीही कृती लौकिक अर्थाने पायरी उतरण्याची होती.

बोर्डीला व १९५६-५७ च्या सुमारास कोसबाडच्या टेकडीवर गेल्यानंतर या दोघींनी जे केले, ते शिक्षकाने बारकाईने अभ्यासण्यासारखे आहे. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. वस्ती मुख्यतः वारली आदिवासींची. शाळा उघडली तरी मुले येत नसत. येथे दोन मापे समोरासमोर उभी राहिली. ‘शाळा उघडणे हे माझे काम, येणे हे मुलांचे काम’ असे माप धरले असते, तर रिकाम्या शाळेचा दोष पालकांच्या अज्ञानावर टाकून मोकळे होता आले असते. त्यांनी माप निराळे धरले: मूल शिकले तर शाळा झाली, मूल आलेच नाही, तर शाळा अजून झालेली नाही.

हे माप धरल्याबरोबर कामाचे स्वरूपच पालटले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणातील बालवाडी निघाली. ‘अंगणवाडी’ हा शब्द पुढे साऱ्या देशात रूढ झाला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील गावोगावच्या केंद्रांना तेच नाव मिळाले. गुरे राखणारी मुले दिवसभर रानात असतात, म्हणून शिक्षक गुरांमागे रानात गेला आणि कुरणशाळा झाली. थोरली बहीण धाकट्या भावंडाला सांभाळते म्हणून तिची शाळा बुडते, हे ध्यानात आल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडीची कल्पना साकार झाली. तान्हे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि थोरली मुलगी वर्गात, अशी ती योजना होती. महागडी साधने परवडत नव्हती, तेव्हा शंख-शिंपले, बिया, पाने, खडे, बांबू यांतून मोजणीची व वर्गीकरणाची साधने तयार झाली.

यातील एकही गोष्ट कोणत्याही तपासणीच्या तक्त्यात मागितलेली नव्हती. आपले माप कोठे कमी भरते, हे दररोज पाहणाऱ्या माणसालाच त्या सुचू शकतात. स्वतःच्या मापाचा हा पहिला लाभ होय. ते माणसाला शोधक बनविते.

अनुताईंच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोसबाडचे काम चालू असतानाच त्यांनी अभ्यास पुन्हा हाती घेतला आणि १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी, त्या बी. ए. झाल्या. पदवी मिळाली म्हणून त्यांनी टेकडी सोडली नाही. १९७३ साली ताराबाई निवर्तल्यावर त्यांनीच ते कार्य पुढे चालविले, आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या त्याच कामात राहिल्या. पद्मश्रीचा सन्मानही त्यांना मिळाला. तो मिळाला तेव्हा कामाला कित्येक दशके लोटली होती. आयुष्याची दिशा त्याने ठरलेली नव्हती.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरणही थोडक्यात सांगण्यासारखे आहे. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. लौकिक यशाचे शिखर तेथेच गाठले गेले होते. तरीही १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले आणि ज्या लहान खेड्यांत शाळाच नाही, तेथे शाळा उघडण्याच्या खटपटीला ते लागले. विद्यापीठाच्या संस्थापकाने खेड्यातील पहिलीच्या वर्गाची चिंता वाहावी, यात आपण खाली उतरलो असे त्यांना वाटले नाही. कारण त्यांचे माप पदाचे नव्हते, गरजेचे होते.

आता प्रश्न असा की, सामान्य शिक्षकाने आपले माप कसे ठरवावे? प्रत्येकाने कोसबाडची टेकडी गाठावी, असे कोणी म्हणणार नाही. ज्याची शाळा जेथे आहे, तेथेच त्याची टेकडी आहे. मात्र ठरविलेले माप तीन कसोट्यांवर घासून घ्यावे.

पहिली कसोटी अशी की, त्या मापात मूल असले पाहिजे. ‘मला आदर्श शिक्षक पुरस्कार मिळावा’ ही इच्छा गैर नव्हे, पण ती मुलाशिवायही पूर्ण होऊ शकते. म्हणून ती शिक्षकाच्या यशाची व्याख्या होऊ शकत नाही. दुसरी कसोटी अशी की, ते साधणे मुख्यतः आपल्या हाती असावे. गावातील दारू बंद व्हावी, ही सदिच्छा झाली. दारूड्या बापाच्या मुलाला शाळेत दोन तास शांतपणे अभ्यास करता यावा, हे हातातले काम झाले. तिसरी कसोटी सर्वांत कठोर आहे. साधले की नाही, हे दुसऱ्या माणसाला पाहता आले पाहिजे. ‘मी प्रामाणिकपणे काम करतो, हेच माझे यश’ असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलतो असे नाही. परंतु त्याने असे माप घेतले आहे की जे कधीच कमी भरत नाही. जे माप कधीच कमी भरत नाही, त्याने काहीच मोजले जात नाही.

उदाहरणार्थ, एखाद्या शिक्षिकेने ठरविले की, माझ्या वर्गातून पुढे जाणारे प्रत्येक मूल एस. टी. ची पाटी, रेशनकार्डावरील नोंद आणि औषधाच्या बाटलीवरील चिठ्ठी वाचू शकेल. हे माप लहान दिसते, पण तिन्ही कसोट्यांना उतरते. ऊसतोडणीच्या गावातील शिक्षक असे ठरवू शकेल की, फडावर गेलेले एकही मूल परत आल्यावर वर्गात परके वाटून घेणार नाही. त्याची वही, त्याची जागा आणि त्याच्यासाठी सोपे करून ठेवलेले धडे तयार असतील. परत आलेली किती मुले आठवड्याच्या आत वर्गात बसली, हे कोणालाही हजेरीपटावरून मोजता येईल.

तिसरे उदाहरण थोडे विस्ताराने घेऊ. मराठवाड्यातील एखादा तरुण शिक्षक मेळघाटात, धारणी किंवा चिखलदरा तालुक्यातील एखाद्या गावी नेमला जातो. पहिलीतील मुलांची घरची भाषा कोरकू. शिक्षक मराठीत बोलतो, मुले गप्प बसतात, आणि ‘मुले मंद आहेत’ असा शेरा मनात तयार होतो. वस्तुतः मुले मंद नाहीत, शिक्षकच त्यांना कळलेला नाही. नंदुरबारमध्ये भिली व पावरी, गडचिरोलीत गोंडी व माडिया यांबाबतही हाच अनुभव येतो. येथे शिक्षकाने आपल्या यशाची व्याख्या अशी करावी: पहिलीतील प्रत्येक मुलाने घरी घडलेली एखादी गोष्ट स्वतःच्या भाषेत मला सांगावी आणि ती मला समजावी.

ही व्याख्या मान्य करताच शिक्षक स्वतः विद्यार्थी होतो. तो एक वही घालतो. प्रारंभी भूक, तहान, दुखणे, भीती यांचे शब्द. मग नात्यांचे, मग शरीराच्या अवयवांचे, मग गुराढोरांचे, झाडांचे आणि शेतीच्या कामांचे. रोज पाच शब्द. हे शब्द मुलांनाच विचारावेत. ज्या मुलाला मराठी येत नाही म्हणून तो खाली मान घालून बसतो, तोच शिक्षकाचा उच्चार सुधारताना मान वर करतो, आणि वर्गातील भीती तेथेच निम्मी होते. सायंकाळी गावातील वडीलधाऱ्यांजवळ बसून ऐकावे. तीन महिन्यांनी वही चाळावी आणि पटावरील किती मुले आपणहून बोलू लागली, हे नावानिशी लिहावे. मुलांची मराठीही या वाटेनेच लवकर येते; कारण ज्ञातावरून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनशास्त्राचे जुने सूत्र येथेही लागू पडते. अशा शिक्षकाची बदली झाली तरी त्याने मिळविलेले त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही, आणि ती शब्दवही त्याच्यामागून येणाऱ्याला उपयोगी पडते.

स्वतःच्या मापाने चालण्यात काही धोकेही आहेत, त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला धोका सवलतीचा. गहू कमी भरले म्हणून पायलीच लहान करण्याचा मोह मनुष्याला होतो. जूनमध्ये ‘प्रत्येक मूल’ असे लिहिलेले असते, दिवाळीला ते ‘बहुतेक मुले’ होते, आणि मार्चमध्ये ‘ज्यांना इच्छा आहे अशी मुले’ होते. म्हणून वर्षाच्या मध्ये माप बदलू नये, असा नियम स्वतःला घालून घ्यावा. वर्षाअखेर ते चुकीचे आढळल्यास खुशाल बदलावे, पण का बदलले ते लिहून ठेवावे.

दुसरा धोका अहंकाराचा. आपले माप तेच खरे आणि शेजारच्या वर्गातील गुरुजींचे खोटे, असे वाटू लागले की सुधारणा थांबते. कोणी मुलांकडून गाणी उत्तम म्हणवून घेतो, कोणाची शाळेची बाग सुंदर असते, कोणी गणितात मुलांना तरबेज करतो. एकाने दुसऱ्याचे माप उसने घेण्याची गरज नाही. एकमेकांची मापे समजून घेण्याची मात्र आहे. गाण्यात रमणाऱ्याने गणितवाल्याच्या वर्गात महिन्यातून एक तास बसावे; त्याचेही काही अडले असेल, ते विचारावे.

तिसरा धोका निराशेचा. स्वतः ठरविलेल्या मापाने कमी भरणे हे वरिष्ठांच्या शेऱ्यापेक्षा अधिक झोंबते, कारण तेथे दोष देण्यास दुसरा कोणी नसतो. त्यावर उपाय हाच की, माप एका वर्षाला एकच असावे आणि हिशेब लहान-लहान मुदतीत व्हावा. दर शनिवारी शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटे बसावे. वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: ठरविले काय, घडले काय आणि अडले कोठे. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा होय. कोसबाडच्या कामातील पाळणाघर आणि कुरणशाळा या दोन्ही कल्पना ‘अडले कोठे’ या प्रश्नाच्या उत्तरातूनच जन्मल्या, हे विसरू नये. एखाद्या सहकाऱ्याला ती वही दाखविण्याचे धैर्य असावे. केंद्रातील शिक्षण परिषदेला त्यापेक्षा चांगला विषय मिळणार नाही.

राहिला प्रश्न स्वतःच्या अध्ययनाचा. पदवी, पदविका, प्रशिक्षण यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. अनुताईंनी ५१ व्या वर्षी परीक्षा दिली, ती काही शिक्षणाला तुच्छ मानून नव्हे. परंतु काय शिकावयाचे, हे तिसऱ्या रकान्याने ठरवावे. ज्याचे वाचन शिकविण्याशी अडते, त्याने भाषाशिक्षणाची पुस्तके वाचावीत. ज्याला मुलांचे आजारपण अडवते, त्याने आरोग्यसेविकेकडून चार गोष्टी शिकून घ्याव्यात. ज्याला पालक भेटत नाहीत, त्याने पालकांच्या कामाच्या वेळा शिकाव्यात. गरजेतून घेतलेले ज्ञान दुसऱ्याच दिवशी वर्गात उपयोगी पडते, आणि उपयोगी पडल्यामुळे टिकते.

येत्या जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा हजेरीपटावर नवी नावे चढतील. त्या नावांपैकी एखादे असे असेल की ज्याच्या घरात आजवर कोणी शाळेची पायरी चढलेले नाही. प्रत्येक शिक्षकाने आणि शिक्षिकेने नव्या वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहावे: या वर्षी मी यशस्वी झालो किंवा झाले, असे मी कोणत्या गोष्टीवरून म्हणेन? वाक्य लिहून झाल्यावर त्या नव्या मुलाचे नाव पुढे धरावे आणि पाहावे की, या व्याख्येत त्याला जागा आहे काय. जागा नसेल, तर वाक्य खोडून पुन्हा लिहावे. जागा असेल, तर त्याच दिवसापासून कामाला लागावे.